दोघांचं खाणं बदलायचं? आधी वाण्याची यादी काढा

खाणं सुधारायचं ठरलं की लोक ताटाकडे बघतात. मी म्हणतो, आधी वाण्याला गेलेली यादी बघा. रात्री साडेनऊला दमून आलेला माणूस घरात जे असेल तेच खातो, आणि घरात काय असेल ते महिन्याच्या एक-दोन तारखेलाच ठरून गेलेलं असतं.

आम्ही दोघं चिंचवडला राहतो. मी भोसरीत एका कारखान्यात क्वालिटीला, बायको बँकेत. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला यादी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते आणि संध्याकाळपर्यंत पोतं घरी येतं. त्यामुळे लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या याद्या फोनमध्ये जशाच्या तशा सापडल्या. साखर ३ किलो, तेल ४ लिटर, तांदूळ ८, गव्हाचं पीठ १०, तूरडाळ १ किलो, मूगडाळ अर्धा, पोहे, रवा, मैदा, नूडल्सचा मोठा पॅक, फरसाण, टोस्ट, खारी, दोन प्रकारची बिस्किटं, सॉस. मटकी, चवळी, हरभरे यांचा पत्ता नाही. ज्वारी तर नाहीच, आणि मी बार्शीकडचा माणूस!

निमित्त म्हणाल तर कंपनीतली दरवर्षीची तपासणी. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक चरबी, १५० च्या बरेच वर, आणि त्याच आठवड्यात बायकोचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली. दोघं तिशीच्या आतले. डॉक्टरांनी गोळ्यांपेक्षा खाण्यावरच जास्त बोलणं केलं. तिच्या लोहाच्या गोळ्या मात्र त्यांनीच लिहून दिल्या आणि त्या घ्यायच्याच असतात, पालक खाऊन भागत नाही. तुमच्यापैकी कुणाला मधुमेह, किडनीचा त्रास, थायरॉइड असेल किंवा घरात पाळणा हलणार असेल, तर खालचं सगळं आधी डॉक्टरांना विचारून मगच करा.

आधी हिशेब

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसाचं ताट दिलंय: धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं ८५, भाज्या ४००, फळं १००, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तीळ-बदाम वगैरे ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. सगळं कच्च्या वजनात. अंगमेहनतीचं काम असेल तर जास्त लागेल, दिवसभर खुर्चीवर असाल तर कमी.

हे ताटात मोजायला बसलात तर आठवडाभरात कंटाळाल. त्यापेक्षा प्रत्येक आकड्याला ६० ने गुणा. दोन माणसं, तीस दिवस. धान्य १५ किलो. डाळी-कडधान्यं ५ किलो. तेल-तूप मिळून १६०० ग्रॅमच्या वर थोडं, म्हणजे पावणेदोन लिटरच्या आसपास. दाणे-तीळ २ किलो. भाजी २४ किलो, फळं ६ किलो, दूध १८ लिटर. आता हे तुमच्या यादीशेजारी ठेवा.

आमच्याकडे डाळ दीड किलो आणि तेल चार लिटर! धान्य मात्र अगदी भरपूर, वर मैदा, रवा, पोहे वेगळे. म्हणजे आम्ही उपाशीही नव्हतो आणि फार चमचमीतही खात नव्हतो. फक्त पोळी आणि भात खात होतो, सोबत नावाला वरण आणि तेलात पोहणारी बटाट्याची भाजी. मला वाटतं पुण्या-मुंबईतल्या नोकरी करणाऱ्या बहुतेक जोडप्यांची यादी थोड्याफार फरकाने अशीच निघेल.

मीठही बघा. दिवसाला माणशी ५ ग्रॅमची मर्यादा धरली तर दोघांना महिन्याला ३०० ग्रॅम. किलोची पिशवी तीन महिने पुरायला हवी, आणि पापड, लोणचं, फरसाणातलं मीठ त्याच हिशेबात. तुमची पिशवी किती दिवस टिकते ते एकदा तारीख टाकून बघा.

मग नियम एकच. एका महिन्यात यादीतली एकच ओळ बदलायची, फार तर दोन. याला कारण आहे. कालपर्यंत पोळी-भात खाणाऱ्या पोटात एकदम उसळी, भाकरी, सॅलड लोटलं की गॅस धरतो, पोट फुगतं, आणि चौथ्या दिवशी ‘हे आपल्याला मानवत नाही’ असा निकाल लागतो. चोथा हळूहळू वाढवायचा आणि बरोबर पाणी वाढवायचं. जिभेचंही तसंच असतं. कमी गोड, कमी खारट खाण्याची सवय तिला काही आठवड्यांत लागते, पण ते आठवडे तिला द्यावे लागतात.

आणि मुहूर्त बघा. दिवाळीचा महिना, लग्नसराई, गौरी-गणपती यांत काही सुरू करू नका. आम्ही दिवाळीचा फराळ संपल्यावर, थंडी सुरू होताना केलं. बाजारात पालेभाजी स्वस्त असते, भूक चांगली लागते आणि गरम भाकरी खावीशी वाटते.

साखर, मग तेल

साखरेपासून सुरुवात केली कारण ती चहाशी बांधलेली आहे आणि चहा दोघांचाही होता. दिवसाला माणशी २० ते २५ ग्रॅम ही मर्यादा धरली तर दोघांना महिन्याला फार तर दीड किलो, आणि त्यात बिस्किटं, सॉस, मिठाई, बाटलीतलं सरबत सगळं आलं. घरात येणारी साखर म्हणून किलोवर आणली.

चहात साखर एकदम बंद करू नका. साखरेच्या डब्यातला चमचा बदला. आम्ही मसाल्याच्या डब्यातला छोटा चमचा तिकडे टाकला. हाताला दोन चमच्यांची सवय असते, तो दोनच टाकतो, साखर मात्र जवळजवळ निम्मी पडते. त्यानंतर शिगेचा चमचा सपाट करायचा. आलं, गवती चहा जरा जास्त टाकला की जीभ फार कुरकुर करत नाही. साखर सोडून गूळ घालणाऱ्यांना एवढंच सांगतो की गूळही शरीराच्या दृष्टीने साखरच. चव आवडत असेल तर खुशाल घाला, पण मोजून. आणि जेवणाला लागून चहा नको, विशेषतः घरात कुणाचं हिमोग्लोबिन कमी असेल तर. चहामुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही. तासाभराचं अंतर ठेवा.

टोस्ट-खारी त्याच महिन्यात यादीतून गेली. त्याला वेगळा निर्धार वगैरे काही लागला नाही. चहाबरोबर डबा उघडला, त्यात काही नव्हतं, संपला विषय.

तेलाची गोष्ट जरा अवघड, कारण मी तर्रीच्या मुलखातला. आमच्याकडे भाजीवर तेल दिसलं नाही तर पाहुणा मनातल्या मनात नाव ठेवतो. आधी काय केलं, तर पिशवीतून थेट कढईत तेल ओतणं थांबवलं. तेल स्टीलच्या किटलीत काढायचं आणि किटलीत चमचा. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण सहा चमचे, दिवसभराचे, पोळीला लावलेलं धरून. दोघांचे बारा. सकाळच्या भाजीला तीन, वरणाच्या फोडणीला एक, असे सुटतात.

कमी तेलात भाजी खाली लागते, ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. त्यावर जुना उपाय आहे. कढईवर खोलगट ताटली ठेवा आणि ताटलीत पाणी ओता. आतल्या वाफेवर भाजी शिजते, वरचं पाणी गरम होतं, आणि भाजी कोरडी वाटली तर तेच गरम पाणी चमचाभर आत सोडायचं. फ्लॉवर, कोबी, दुधी, गवार, सगळ्यांना चालतं. वांगं आणि भेंडी तेलाशिवाय रुसतात. त्यांचे लाड आठवड्यातून एकदा करा.

एक फसगत सांगतो. सोलापूर-बार्शीकडे भाजीत दाण्याचं कूट सढळ हाताने पडतं आणि आपण म्हणतो, तेल तर कमीच घातलं. शेंगदाण्याच्या वजनात चाळीस ते पन्नास टक्के तेलच असतं. कूट वाईट नाही, प्रथिनंही त्यात भरपूर. पण दोघांना महिन्याला दाणे-तीळ मिळून दोन किलो, त्यातच चटणी, त्यातच कूट, त्यातच संध्याकाळचे भाजलेले दाणे. सुक्या खोबऱ्यालाही हाच न्याय. हे मी बायकोसमोर मोठ्याने वाचून दाखवलं, कारण ती कोकणातल्या गुहागरची, आणि तिकडची माणसं खोबऱ्याला तेलात धरत नाहीत.

पाच वाजताची भूक

याद्यांमध्ये न दिसणारं बरंच काही असतं. कॅन्टीनमधला समोसा, स्टेशनबाहेरचा वडापाव, रात्रीची अ‍ॅपवरची ऑर्डर. ते वेगळं लिहून काढा, महिनाभर, कुणाला न दाखवता. आमच्या दोघांच्या कागदांवर वेळ एकच निघाली, पाच ते सात. दुपारचं जेवण जिरलेलं असतं, रात्रीचं लांब असतं, आणि घराच्या वाटेवर तेल उकळत असतं.

त्या वेळी मनाचा निग्रह कामाचा नाही, खिशात काहीतरी हवं. फुटाणे आणि भाजलेले दाणे मूठभर, सोबत पेरू नाहीतर केळं. तिच्या पर्समध्ये छोटी डबी असते, माझ्या लॉकरमध्ये बरणी. उकडलेलं अंडं डब्यात नेता येतं, पण बंद लॉकरमध्ये त्याचा वास फिरतो, सहकाऱ्यांचा विचार करा. घरी आल्यावर खायचं असेल तर राजगिऱ्याच्या लाह्या, ज्वारीच्या लाह्या किंवा भडंग. भडंगाला कोल्हापुरी हाताने तेल घालायचं नाही एवढंच.

वडापाव बंद केला नाही. शनिवारी दोघं मिळून खातो, गरम, कढईतून निघालेला. बाकी दिवशी वाटेवर थांबत नाही कारण पोटात फुटाणे गेलेले असतात.

डाळ-कडधान्यं: दीड किलोवरून पाच किलो

सगळ्यात मोठी तफावत इथे होती आणि सगळ्यात जास्त फरकही इथेच पडला. ८५ ग्रॅम कच्ची डाळ म्हणजे दिवसभरात साधारण तीन वाट्या घट्ट वरण किंवा उसळ. अंडी, मासे, चिकन असेल त्या दिवशी तेवढी डाळ कमी चालते. पाणीदार वरणाची एक वाटी म्हणजे जेमतेम मूठभर डाळ, त्यामुळे पहिला बदल वरण घट्ट करणे. भात तोच, पातेलं तेच, डाळ दीडपट. जेवणाऱ्याला कळतही नाही.

त्यानंतर दर महिन्याला एक कडधान्य यादीत वाढवलं. मटकी, मग हिरवे मूग, मग चवळी, मग काळे वाटाणे. काळे वाटाणे तिच्या माहेरच्या हट्टाने आले आणि आता मीच करतो.

मोड आणायची आमची पद्धत शिफ्टच्या वेळापत्रकावर बेतलेली आहे. सकाळी कामाला निघताना मटकी भिजत घालायची, भरपूर पाण्यात, कारण ती दुपटीहून जास्त फुगते. रात्री पाणी काढून हातावर घ्यायची. न भिजलेले गणंग दाणे तेव्हाच वेचून टाकायचे, नाहीतर उसळ खाताना नेमका दाताखाली तोच येतो. ओल्या सुती फडक्यात सैल पुरचुंडी बांधून चाळणीत ठेवायची, वर ताटली. सकाळपर्यंत मोड डोकावतात, उन्हाळ्यात तर लांब होतात. थंडीत चाळणी बंद ओव्हनमध्ये उबेला ठेवली तर वेळेत येतात. फडकं घट्ट आवळलं किंवा पाणी राहिलं की बुळबुळीत होऊन वास येतो. तशी मटकी टाकून द्या, धुऊन वापरायला जाऊ नका. मोड आल्यावर डब्यात भरून फ्रीजमध्ये तीन-चार दिवस राहते. अर्धी उसळीला, मूठभर सकाळच्या पोह्यांत, थोडी वाफवून कांदा-टोमॅटो-लिंबू घालून. लिंबू विसरू नका, आंबटामुळे कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. बायकोच्या ताटात लिंबाची फोड ठरलेलीच.

पोट कुरकुरत असेल तर मूग आणि मसूर आधी, हरभरा-राजमा-वाटाणे नंतर. हिंग, ओवा, आलं फोडणीत हवंच. आणि कडधान्य पूर्ण शिजवा. कच्चट मटकी ‘पौष्टिक’ म्हणून चघळणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

घाईच्या दिवशी पिठलं आहेच. बेसन म्हणजे शेवटी हरभरा डाळच, दहा मिनिटांत होतं, आणि पिठलं करून कुणी उपाशी झोपलेलं मी पाहिलेलं नाही.

भाकरी

मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, २०२३ साल संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, आणि मॉलमध्ये ज्वारीचे कुरकुरीत चौकोन चकचकीत पाकिटांत येऊन बसले. ती पाकिटं उलटी करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव गहू किंवा मैदा असेल आणि ज्वारी चौथी असेल, तर तुम्ही मैदाच घेताय. ‘मल्टिग्रेन’ पिठालाही हीच परीक्षा.

ज्वारी दाण्यानेच घ्या, मालदांडी जातीची मिळाली तर उत्तम, आणि गिरणीतून दोन किलोच दळून आणा. गिरणीवाल्याला सांगायचं, ज्वारीवर ज्वारी दळ. गव्हामागून दळलं की पिठात गहू मिसळतो. दोन किलोच का? पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे थापताना धरून राहण्याचा गुण, जाते आणि विरी गेलेल्या पिठाची भाकरी देव आला तरी थापता येत नाही. शहरातल्या बहुतेक ‘मला भाकरी जमत नाही’ मंडळींच्या घरात महिनाभर जुनं पाकिटातलं पीठ असतं. हात चांगलाच असतो, पीठ मेलेलं असतं.

गव्हासारखा चिकटपणा ज्वारीत नसतो, म्हणून गरम पाणी. एका भाकरीपुरतं पीठ परातीत घ्या, उकळतं पाणी थोडं थोडं घालून आधी उलथन्याने कालवा, हात लावण्याइतकं झालं की तळव्याच्या टाचेने रगडून मळा. पुढे ढकला, ओढून घ्या, पुन्हा ढकला. गोळा मऊ, गुळगुळीत आणि भेगा नसलेला झाला की थांबा. सगळ्या भाकऱ्यांचं पीठ एकदम मळून ठेवू नका, शेवटच्या गोळ्यापर्यंत ते कोरडं पडतं. परातीत कोरडं पीठ भुरभुरवून गोळा ठेवा, बोटं जुळवून कडेने दाबत फिरवा. भाकरी स्वतःभोवती फिरली पाहिजे. फिरत नसेल तर खाली पीठ कमी. कडा फाटत असतील तर मळणं कमी.

तवा चांगला तापलेला हवा. टाकताना पिठाची बाजू वर, आणि लगेच ओल्या हाताने सगळीकडे पाणी फिरवा. हात मागेपुढे झाला की कुठे तरी कोरडं राहतं आणि तिथेच भाकरी फुटते. पाणी सुकत आलं, पण अजून पूर्ण वाळलं नाही, अशा वेळी उलटायची. दुसरी बाजू नीट भाजली की तवा उतरवून थेट आचेवर. टम्म फुगली, पापुद्रा सुटला की जमली.

आमच्या घरात गंमत अशी झाली की बार्शीच्या मुलाआधी गुहागरच्या मुलीला ज्वारीची भाकरी जमली. तिच्याकडे तांदळाची भाकरी उकड काढून करतात. तिने ज्वारीलाही तेच केलं. पातेल्यात पाणी उकळलं, चिमूट मीठ, जितकं पाणी तितकंच पीठ आत, ढवळून झाकण, गॅस बंद. पाच-सात मिनिटांनी परातीत काढून गरम असतानाच मळलं. अशी उकड काढलेली भाकरी नवख्यालाही थापता येते, वाटलं तर पोळीसारखी लाटताही येते, आणि डब्यात दुपारपर्यंत मऊ राहते. माझ्या आईने फोनवर ऐकून नाक मुरडलं, ‘ही काय भाकरी म्हणायची’, पण पुढच्या खेपेला आली तेव्हा दोन खाल्ल्या.

भाकरीही आठवड्यातून दोन रात्रींपासून सुरू करा. मग चार. सकाळी डब्यात पोळीच राहू द्या. बाजरी थंडीत, भोगीला तर तीळ लावून हवीच. नाचणी कुठल्याही दिवसात, तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि भाकरी जमली नाही तरी आंबील किंवा धिरडं जमतंच. भाकरी खाल्ली म्हणजे वजन आपोआप उतरतं, असं काही नाही. तीन भाकऱ्या आणि वर तुपाची धार, हिशेब तिथेच बसतो.

भात, मासे आणि एकमेकांचं ताट

लग्नानंतर खाणं बदलताना खरी अडचण पोषणाची नसते. एकाचं ‘आमच्याकडे’ आणि दुसऱ्याचं ‘आमच्याकडे’ एका ओट्यावर येतं. तिला रात्री भात नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. मला भातावर झोप येत नाही. पहिले काही आठवडे मी तिच्या भाताकडे आणि ती माझ्या चटणीकडे बघत होतो, आणि एका रविवारी त्यावरून अबोलाही झाला.

मग ठरलं: दोघांनी प्रत्येकी एक गोष्ट राखून ठेवायची, तिच्याबद्दल दुसऱ्याने ब्र काढायचा नाही. तिचा रात्रीचा भात, माझी दाण्याची चटणी. बाकी सगळं चर्चेला खुलं. हे करून बघा. ज्या घरात सगळंच एकदम बंद होतं तिथे दोघांपैकी एक जण लपून खायला लागतो.

भात राहिला, वाटी बदलली. त्याच वाटीने मोजून एक भात, दोन वरण-आमटी-भाजी. तिच्या माहेराहून उकडा तांदूळ यायला लागला, त्यात नेहमीच्या पांढऱ्या तांदळापेक्षा ब जीवनसत्त्वं जास्त टिकतात. मला आधी त्याचा वास आवडत नव्हता, आता माशाच्या कढीबरोबर दुसरा भात नको वाटतो.

मासे खात असाल तर पापलेट-सुरमईच्या मागे लागू नका. बांगडा आणि तारली स्वस्त, आणि हृदयाला चांगली म्हणतात ती ओमेगा-३ चरबी त्यांत भरपूर. रव्यात घोळून तेलात सोडण्याऐवजी बांगड्याचं तिखलं करा, तेल जेमतेम चमचाभर लागतं. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सोडे-सुकट निघते, पण ती खारवलेली असेल तर चांगली धुऊन घ्या आणि वरून मीठ चाखूनच. शाकाहारी असाल तर जवसाची चटणी ठेवा. जवस, लसूण, लाल मिरची, मीठ, मंद आचेवर भाजून कुटायची. कारळ्याचीही तशीच. भाकरी, भात, दही, कशावरही पडते.

भाजीच्या चोवीस किलोंचं काय? सांगतो खरं ते, आम्ही अजून तिथे पोचलेलो नाही. मेथीची जुडी निवडल्यावर निम्मी होते, आणि निवडणार कोण हा प्रश्न असतोच. रविवारी मंडईतून आल्यावर टीव्हीसमोर पेपर पसरून दोघं निवडतो. पालेभाजी न धुता कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात घातली तर तीन-चार दिवस टिकते. पालेभाज्या आधी संपवायच्या, मग गवार-भेंडी, आणि आठवड्याच्या शेवटी दुधी, भोपळा, कोबी, मुळा. गाजर-काकडी-बीट कापून ताटात वाढल्यावर जातं, फ्रीजमध्ये अख्खं ठेवल्यावर जात नाही.

रात्रीची ऑर्डर

सेकंड शिफ्ट असली की मी रात्री बाराच्या सुमारास घरी येतो. त्या वेळची भूक आणि फोन यांच्यामध्ये काहीतरी ठेवायला हवं होतं. फ्रीजमध्ये एक डबा कायम भरलेला असतो: मूगडाळ आणि तांदूळ निम्मे-निम्मे, धुऊन, निथळून. कुकरला लावायचं, मूठभर कापलेली भाजी, हळद, जिरं, वीस मिनिटांत खिचडी. तेवढाही दम नसेल तर थालीपिठाची भाजणी किंवा दोन अंडी. नूडल्सची पाकिटं यादीतून काढली नाहीत, दोनवर आणली, आणि केली तर मसाल्याची अर्धी पुडी, भरपूर गाजर-वाटाणे.

ऑर्डर महिन्यातून दोनदा होते. तेव्हा मन लावून मागवतो, परवडणारं नव्हे, आवडणारं.

गावाहून येणारी पिशवी

बार्शीहून आई येते तेव्हा शेंगापोळ्या, गुहागरहून सासूबाई येतात तेव्हा नारळाच्या वड्या. ‘आम्ही हल्ली गोड कमी केलंय’ असं दारातच सांगू नका. त्यांनी पहाटे उठून केलेलं असतं, आणि वर ‘म्हणजे आमच्या हातचं नको झालं’ हे ऐकावं लागतं. आधीच फोन करून दुसरं काहीतरी मागा. आईला मी ज्वारी, जवस आणि कारळं आणायला सांगतो, सासूबाईंना उकडा तांदूळ, कुळीथ आणि कोकम. पिशवी तेवढीच जड राहते, देणाऱ्याचा हात रिकामा येत नाही.

तरीही शेंगापोळ्या येतातच. आल्या दिवशी गरम करून तूप लावून खायची एकेक, दोन डब्यात ठेवायच्या, बाकीच्या मी दुसऱ्या दिवशी कंपनीत नेतो. क्वालिटीच्या टेबलावर डबा उघडल्यापासून रिकामा होईपर्यंत कुणाला बोलवावं लागत नाही.